भट्टीची विद्या आणि अंतराळाची

4 जानेवारी 1959 रोजी सोव्हिएत संघाचं ल्युना-1 हे यान चंद्राच्या जवळून पुढे निघून गेलं. बरोबर महिन्याभरानं, 4 फेब्रुवारीला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. दोन्हीमागे हात एकाच देशाचा होता. त्याच सप्टेंबरात ल्युना-2 चंद्रावर जाऊन आदळलं आणि ऑक्टोबरात ल्युना-3 नं चंद्राच्या पाठीमागचे फोटो पाठवले. त्या वर्षी भिलाईच्या सेक्टरांत राहणाऱ्या माणसाला रशियन म्हणजे काय, हे वर्तमानपत्रातून कळून घ्यायची गरज नव्हती. तो कारखान्यात शेजारी उभा होता.

भिलाई मराठी माणसालाही परकी नव्हती. 1955 साली कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातली घरं इथे सहज रुजली. म्हणून मला अंतराळाचा इतिहास भिलाईच्या बाजूनं बघावासा वाटतो. इथून बघितलं की कोण आधी पोहोचलं हा प्रश्न मागे पडतो आणि विद्या कोणी कोणाला दिली, किती दिली, हा प्रश्न पुढे येतो.

भट्टीची विद्या मोकळ्या हातानं मिळाली. आराखडे आले, यंत्रं आली, भारतीय अभियंते सोव्हिएत कारखान्यांत शिकायला गेले. पण आराखड्यात मावत नाही असंही बरंच असतं. भट्टीचं तोंड बंद करणारी माती छेदली की वितळलेलं लोखंड रेतीच्या पाटातून धावत सुटतं. मळी हलकी, ती वर तरंगते आणि आडव्या बांधाशी अडवून वेगळी काढावी लागते. धारेचा रंग आणि उडणाऱ्या ठिणग्या बघून जुना माणूस लोखंड कसं उतरलंय ते सांगतो. हे कागदावरून येत नाही, शेजारी उभं राहूनच येतं. बांधकामाच्या काळात इथे मुख्य अभियंता असलेले व्हेनियामिन दिमशित्स पुढे सोव्हिएत संघाचे उपपंतप्रधान झाले. म्हणजे त्या देशानं आपली बिनीची माणसं इथे पाठवली होती.

अंतराळाचं मात्र सगळं कडीकुलपात होतं. 12 एप्रिल 1961 रोजी युरी गागारिन 108 मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, आणि त्याच वर्षाअखेर भारतातही येऊन गेला. ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांवरचा त्याचा चेहरा घराघरांत पोहोचला, शाळेच्या पुस्तकांना त्या पानांची कव्हरं घातली गेली. पण ज्यानं ते यान घडवलं त्या सर्गेई कोरोल्योवचं नाव जानेवारी 1966 मध्ये तो वारला तेव्हाच जगाला कळलं. गागारिन यानातून आधी बाहेर पडून वेगळ्या पॅराशूटनं उतरला होता, हेही अनेक वर्षं दडवून ठेवलं गेलं. चंद्रावर माणूस नेण्यासाठीचं एन-1 रॉकेट 1969 ते 1972 या काळात चारदा उडालं आणि चारही वेळा कोसळलं. त्याच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं होती आणि तो अख्खा टप्पा जमिनीवर कधी पेटवून तपासलाच नव्हता. अमेरिकेचे अंतराळवीर जुलै 1969 मध्ये चंद्रावर उतरले. एन-1 चं नाव मात्र सोव्हिएत छापील कागदावर यायला जवळजवळ वीस वर्षं लागली. जे जगाला दाखवायचं तेवढंच दाखवलं की चुकांतून मिळणारं शहाणपणही झाकलं जातं, आणि मला वाटतं, त्या कार्यक्रमाला हे फार महागात पडलं.

इकडे केरळात थुंब्याला 21 नोव्हेंबर 1963 रोजी पहिलं रॉकेट उडालं. चंद्रावर माणूस पाठवायच्या स्पर्धेत उतरायचा आपला विचार नाही, असं विक्रम साराभाई स्पष्ट सांगत. कमीपणा वाटून घ्यावा असं त्यात काही नव्हतं. गरीब देशानं आपला पैसा कुठे लावायचा याचा तो नीट विचार होता. वसंत गोवारीकरांसारखी माणसं तिथे घन इंधन रांधायला शिकली, चुकली, पुन्हा शिकली. 1984 मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-11 मधून सल्यूत-7 स्थानकावर जाऊन आठवडाभर राहून आले. त्या एप्रिलमध्ये देश हरखून गेला, आणि ते योग्यच होतं. तरीही आपल्याला मिळाली ती यानातली एक जागा. भिलाईला अख्खी भट्टी मिळाली होती.

दोन्ही धागे एकत्र आले ते पुढे. 1991 मध्ये भारतानं ग्लावकॉसमॉस या सोव्हिएत संस्थेशी अतिशीत द्रव इंधनावर चालणारी क्रायोजेनिक इंजिनं आणि त्यांचं तंत्रज्ञान घेण्याचा करार केला. हा करार भिलाईच्या वळणाचा होता: वस्तूही द्या, विद्याही द्या. 1992 मध्ये अमेरिकेनं निर्बंध लावले, आणि 1993 मध्ये रशियानं तंत्रज्ञान द्यायचं नाकारून फक्त तयार इंजिनं दिली. ते केव्हीडी-1 इंजिन मुळात एन-1 च्या सुधारित आवृत्तीसाठी, म्हणजे चंद्रासाठीच, तयार झालं होतं आणि तिथे ते कधी उडालंच नाही. ते उडालं श्रीहरिकोट्याहून, 2001 साली, जीएसएलव्ही या भारतीय रॉकेटच्या माथ्यावर.

उणे 253 अंशांवरचा द्रव हायड्रोजन हाताळायची विद्या मग आपल्याला शेजारी कोणी उभं नसताना मिळवावी लागली. एप्रिल 2010 मधलं स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचं पहिलं उड्डाण फसलं. 5 जानेवारी 2014 ला ते साधलं. त्याहून मोठं सीई-20 हे इंजिन वेगळ्या पद्धतीचं आणि पूर्णपणे आपल्या आराखड्याचं. त्याच्याच जोरावर एलव्हीएम-3 रॉकेटनं 14 जुलै 2023 रोजी चंद्रयान-3 नेलं.

भिलाईच्या मार्गानं ही विद्या आली असती तर वीसेक वर्षं वाचली असती, असं मला वाटतं. माणसाला अंतराळात नेण्याच्या भारताच्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेले वायुसेनेचे चार वैमानिक 2020-21 मध्ये मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रात शिकून आले. राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव सहकारी रवीश मल्होत्रा हेही तिथेच शिकले होते, पण त्यांना न्यायला सोयूझ होतं. या चौघांसाठी ठरलेलं रॉकेट आहे ते एलव्हीएम-3. भिलाईचे अभियंतेही असेच तिकडे शिकून यायचे, आणि परतल्यावर आपल्याच भट्टीपाशी उभे राहायचे.