उताणा दगड

वाशिंदच्या पोराला दगडाखाली हात घालायला वेगळं शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात ओढा वाहू लागला की दगड उलथायचा, चिंबोरी पाठीमागून धरायची, पिशवीत टाकायची आणि पुढच्या दगडाकडे वळायचं. या नातवाला ते आजोबांनीच दाखवलं होतं.

दोघे सौराष्ट्र मेलने जामनगरला उतरले आणि पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नराराला पोचले. नरारा ज्यात येतं ते कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचं, देशातलं पहिलं. आखात आत निमुळतं होत गेल्यामुळे शिरलेलं पाणी दाटत चढतं. अगदी आतल्या टोकाला उधाणाची भरती सहा-सात मीटरांवर जाते. ओहोटी लागली की नराराचा समुद्र लांब हटतो आणि प्रवाळाच्या खडकांवरून चक्क चालत जाता येतं. होडी नाही, काच नाही. घोटाभर पाण्यात समोर ऑक्टोपस रंग बदलतो! असं भाग्य फार थोड्या ठिकाणी मिळतं.

वाटाड्या पुढे होता. नातवाने येताजाता तीन-चार दगड उलथले आणि तसेच टाकले. वाटाड्या मागे वळला, त्यातल्या एकापाशी उकिडवा बसला.

“बाळ, इकडे ये. हात लावू नको, बघ फक्त.”

दगडाच्या उघड्या पडलेल्या पोटावर नारिंगी स्पंज पसरला होता. त्याच्या कडेला गोगलगायीच्या अंड्यांचा पुंजका होता, आणि एक चपटा, नखाएवढा कृमी सावली शोधत सरकत होता. सगळं ओलसर होतं, पण उन्हाने कडा सुकायला लागल्या होत्या.

“भरती येईल ना आता,” नातू म्हणाला.

“पाणी येईल. दगड पालथा करायला कोण येईल?”

वाटाड्याने दोन्ही हातांनी दगड जसा होता तसा, त्याच खाचेत बसवला. नातू काही बोलला नाही. आजोबाही नाही, पिशव्या भरभरून आणलेल्या चिंबोऱ्या त्यांना आठवत असाव्यात, आणि ओढ्याकाठचे ते सगळे दगडही.

पाणी फिरलं तशी वाटाड्याने हाक दिली. परतताना नातू थांबत थांबत चालला. एक दगड सापडला, दुसराही सापडला. तिसऱ्यावर पाणी चढलं होतं.

“काका, चला आता. इथे भरती वाट बघत नाही.”

“दोन मिनिटं, भाई,” आजोबा म्हणाले. त्यांनी धोतर खोचलं, वाकले आणि गढूळ पाण्यात चाचपू लागले. वाटाड्याने एकदा किनाऱ्याचं अंतर पाहिलं, मग तोही पाण्यात शिरला. तळपायाला गुळगुळीत, शेवाळाची बाजू लागायच्या जागी खरखरीत लागलं तेव्हा त्याने नातवाचा हात धरून तिथे नेला. तिघांनी मिळून तो दगड पालथा घातला, आणि मगच किनाऱ्याची वाट धरली.