एका गेमचे अंतर

एकाच्या विजयासाठी दुसऱ्याचा पराभव व्हावा लागतो, अशी स्पर्धा ख्रिस्ती मनाला मानवावी काय? हा प्रश्न आम्हांस पुण्यातील एका टेनिस सामन्याच्या आधारे तपासून पाहावासा वाटतो.

महाराष्ट्र खुली टेनिस स्पर्धा २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात भरत असे. २०२१ साली मात्र महामारीमुळे ती झाली नाही. पुरुष एकेरीत २८ खेळाडू उतरत आणि २७ सामन्यांअंती २७ पराभूत व एक विजेता उरे. २०१९ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या केविन अँडरसनने क्रोएशियाच्या इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असे हरविले. कार्लोविच तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. हिशेब केला तर अँडरसनचे २० गेम भरतात आणि कार्लोविचचे १९. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि त्यांतील गुणांची बेरीज दोघांचीही १६ च होते! तरीही करंडक एकालाच मिळाला.

यात अन्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. शेवटचा टायब्रेक अँडरसनने ७-५ असा जिंकला आणि नियम दोघांनाही आधीपासून ठाऊक होते. त्या दिवशी सामना कोणी जिंकला, एवढेच गुणफलक सांगतो. कोण अधिक मोलाचा, हे तो सांगत नाही. तसा अर्थ त्यातून काढतो तो पाहणारा, आणि दोषाचा उगम तेथे आहे.

डोंगरकड्यापासून बालेवाडी दूर आहे. परंतु निकालाची भाषा येथेही तीच. दहावीत दोन गुण कमी पडलेल्या मुलाशी घरात कोणी बोलत नाही आणि शेजारच्या मुलाचे नाव मात्र दिवसभर ऐकू येते. परीक्षेने उत्तरपत्रिका मोजली होती. आपण लेकरू मोजू लागतो.

संत पौल करिंथ नगरीत राहिला होता. त्या नगरीजवळच इस्थमियन क्रीडासामने भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. करिंथकरांना लिहिताना पौलाने धावपटूंचाच दाखला घेतला. धावपटूचे कठोर आत्मसंयमन त्याला अनुकरणीय वाटले. म्हणजे श्रम आणि चुरस त्याने नाकारली नाही. मात्र तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ज्या मुकुटाची तो वाट पाहतो, तो एकट्या पौलासाठी नाही. प्रभूच्या आगमनाची ओढ असणाऱ्या सर्वांसाठी आहे. तेथे एकाला मिळाल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही.

म्हणून आमच्या मते स्पर्धा त्याज्य नाही. मुलांनी जिद्दीने खेळावे, अभ्यासावे, जिंकावे. पण घराने गुणफलक होऊ नये. निकाल घेऊन आलेल्या लेकराला मायबापांनी आधी ताट वाढावे. गुण जेवणानंतर विचारावेत.