रेषेजवळचे दर्शन

कोल्हापूरला बघण्याचे मोल कळते. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सव असतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गाभाऱ्यात चढतात आणि आभाळ स्वच्छ असेल तर आईच्या चरणांपासून मुखापर्यंत पोहोचतात. त्या काही मिनिटांसाठी माणसे कितीतरी वेळ आधी येऊन उभी असतात. तिकडे खासबागेत राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्तीचे मैदान उभारले तेही बघणाऱ्याचा विचार करूनच. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले होते. खासबागेत अगदी शेवटच्या ओळीत बसलेल्यालाही हौद्यातली पकड नीट दिसते.

अशा गावात सहावी-सातवीतली एखादी मुलगी फुटबॉल खेळते, आणि विद्यापीठ स्पर्धेत खेळणारा तिच्या आवडत्या कॉलेजच्या मुलींचा संघ बघायला न्या म्हणून बापाच्या मागे लागते. तिला तिथे नेणे म्हणजे करमणूक, की दर्शन?

दर्शनच, आणि हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. भागवतातल्या नवविधा भक्तीची यादी श्रवणापासून सुरू होते. बघणे तिच्यात वेगळे सांगितलेलेच नाही. तरी मराठी माणसाने दर्शनालाच भक्तीच्या मध्यभागी बसवले. पंढरपुरात आत जाता आले नाही तर कळसाचे दर्शन घेऊन तो समाधानाने परततो. याला फार जुना आधार आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आत्म्याविषयी बोलताना आधी पाहायला सांगतो. ऐकणे, मनन आणि ध्यान त्यानंतर. आणि हे तो सांगतो मैत्रेयीला, एका स्त्रीला. पाहायचे काय, तर जे मुळात आपलेच आहे ते.

मैदानावर पाहायचे ते बळ. मुंडकोपनिषद म्हणते, दुबळ्याला आत्मा लाभत नाही. स्वामी विवेकानंदांनी १८९७ मध्ये मद्रासच्या तरुणांना तर थेट सांगितले, की गीता वाचण्यापेक्षा फुटबॉल खेळून तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल. बळ हा धर्माचाच भाग आहे, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगावचे मारुती कोल्हापूर जिल्ह्यातच आहेत. तालमीत मारुती असतोच. मातीत उतरण्याआधी पैलवान त्याच्या पाया पडतो. पण ब्रह्मचर्याचे कारण सांगून याच तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या बाईला उंबऱ्याबाहेर ठेवले. शक्तिपीठ म्हणून मिरवणाऱ्या गावात देवीची शक्ती चालली, पोरीची चालली नाही. हा विरोध धर्मातला नाही, आपल्या सोयीतला आहे. १९५० च्या दशकात पुरुषांशी कुस्त्या करणारी हमीदा बानू कोल्हापुरात आली आणि तिने एका पुरुष पैलवानाला हरवले, तेव्हा प्रेक्षकांतून तिच्यावर दगड आले. बघणारे हजारो होते. त्यांना तिचे बळ दिसले नाही, आपला अपमान दिसला.

आता चित्र बदलते आहे. पेठापेठांची फुटबॉलची ईर्षा पाहिलेल्या शाहू स्टेडियमने २०१७ च्या अखेरीस इंडियन विमेन्स लीगची पात्रता फेरी पाहिली. पुढे २०१९ मध्ये लुधियानात झालेल्या याच लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ उतरला. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. प्रतीक्षा बागडीने गदा उचलली.

मग एवढे सगळे टीव्हीवर, मोबाइलवर दिसत असताना मैदानावर कशाला जायचे? कारण पडद्यावरची खेळाडू फार लांबची असते. कॉलेजची खेळाडू ताई असते. ती सकाळी एसटीने आलेली असते. रेषेजवळ बसून शिनगार्डवर मोजे ओढते, वेणी पुन्हा घट्ट बांधते, बाटलीतले दोन घोट पिऊन बाटली शेजारणीकडे देते. गुडघ्यावरची जुनी खपली चार हातांवरून दिसते. मुलगी आधी त्या खपलीकडे बघते, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. विठोबाच्या पायांवर डोके टेकवता येते म्हणून तो आपला वाटतो. इथेही तसेच आहे.

ही व्यक्तिपूजा झाली, असे कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. माणसाला देव केले की तो हरल्यावर भक्त पिसाळतो, आणि आपल्या मैदानांनी तेही पाहिले आहे. पण रेषेजवळ उभ्या असलेल्या मुलीला पूजा करायला फारशी सवडच मिळत नाही. ताईचा पास चुकतो. मोकळ्या गोलसमोर चेंडू बारवरून जातो. ती क्षणभर कमरेवर हात ठेवते आणि लगेच आपल्या जागेकडे धावत सुटते, कारण समोरच्यांनी गोलकिक घेतलेली असते. मूर्ती चुकत नाही, म्हणून चुकल्यानंतर काय करायचे हे ती दाखवू शकत नाही. ताई दाखवते. सामना संघ हरला तरी मुलीचे दर्शन पुरे झालेले असते.

यात एक अट मात्र आहे, आणि ती मोठ्यांसाठी आहे. तिला नेल्यावर ‘अशी खेळ’, ‘हिच्यासारखी हो’ म्हणत कानाशी बडबड करू नये. गाभाऱ्यासमोर आपण पोराला उचलून धरतो आणि गप्प राहतो, तसेच इथेही राहावे. तिला काय दिसले ते तिचे तिला ठरवू द्यावे.

शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे मुलींचे सामने होतात, पण कडेला बघणारे मोजकेच असतात. यंदा सामने लागले की घरातल्या मुलीला घेऊन जा. आजीलाही न्या. आणि लांब बसू नका, रेषेजवळ उभे राहा.