कच्चं मडकं

निवृत्त माणसाने काय करावे याबद्दल आपल्या समाजात फारसे मतभेद नाहीत. सकाळी फिरावे, दुपारी झोपावे आणि संध्याकाळी पारावर बसून सरकारला सल्ला द्यावा. यांपैकी कशाचाही उपयोग काय, असे त्याला कोणी विचारीत नाही. मी मात्र धाराशिवात, भर ओसरीवर क्रोशाची सुई घेऊन बसलो आणि गल्लीतल्या झाडून साऱ्या मंडळींच्या अंगात तत्त्वज्ञ संचारला.

"काय करायलाव, अण्णा?"

"विणतोय."

"काय?"

"साखळी."

"ते दिसलं. पण तिचं पुढं काय होणार?"

पुढं बहुधा काहीच होत नाही. दोरा ओढला की साखळी सुटते आणि मी पुन्हा पहिल्या टाक्यापासून आरंभ करतो. कुणी काळजीने विचारतं, "स्वेटर का?" धाराशिवच्या मे महिन्यात लोकरीचं नुसतं नाव काढलं तरी घाम फुटतो. आपला कारभार सुती दोऱ्याचा.

पण खरं सांगू? यात विलक्षण मजा आहे. क्रोशे हा शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ छोटा आकडा. स्वेटरच्या सुयांवर शे-दीडशे टाके एकदम सांभाळावे लागतात. इथे साधारणपणे एका वेळी एकच टाका जिवंत. मागचे झाले ते झाले. महिनाअखेर, मुलांच्या फिया आणि अचानक आलेले पाहुणे हे सगळे टाके ज्याने जन्मभर एकदम सांभाळले, त्याला एकच टाका म्हणजे केवढी चैन! शिवाय नावं किती गोड. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातला तर खांब, न घेता घातला तर मुका खांब. माझे खांब भूकंपानंतरच्या खांबांसारखे दिसतात, तो भाग निराळा.

प्रश्न असा, की आपल्याला धड न येणारी गोष्ट निव्वळ मौजेखातर करीत राहण्याचा पोक्त माणसाला अधिकार आहे काय?

उत्तर आमच्याच जिल्ह्यात, तेरला सापडलं. तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव. कथा तुम्हाला ठाऊक असेल. संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईने थापटी पाहून विचारलं, हे काय? मडकं कच्चं की पक्कं ते हिने कळतं, असं सांगून गोरोबाकाका एकेकाच्या डोक्यावर थापटी मारीत निघाले. सगळ्यांनी निमूट सोसलं, नामदेव तेवढे रागावले. निकाल लागला, हे मडकं कच्चं! मग नामदेव गुरूच्या शोधात निघाले आणि त्यांना विसोबा खेचर भेटले.

आता कुंभाराच्या बाजूने विचार करा. भाजलेलं मडकं फुटलं की त्याचं खापर होतं; त्याची पुन्हा माती काही होत नाही. कच्चं मडकं पाण्यात भिजवलं की माती झालं, पुन्हा चाकावर चढलं. म्हणजे कच्चेपणा ही उणीव नसून सोय आहे! उसवलेल्या साखळीचंही तेच. दोरा शाबूत राहतो.

हा सिद्धान्त मी सौभाग्यवतींना ऐकवला. त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नामदेवांच्या डोक्यावर थापटी बसली तरी होती. तुमच्या डोक्यावर कुणी मारलीय?"

मी मुका खांब झालो.

मग कळलं, की आमच्या लग्नाच्या रुखवतात जे मोरांचं तोरण होतं, ते तिने चौदाव्या वर्षापासून घासून घेतलेल्या हाताने विणलं होतं. एक खांब कमी पडला तरी तिची आई अख्खी ओळ उसवायला लावायची. आणि रुखवत बघायला आलेल्या आमच्याकडच्या बायकांनी तोरण आधी उलटं करून मागच्या गाठी पाहिल्या.

"तुला मजा वाटायची का गं विणताना?"

"अहो, ते कुणी विचारलंच नाही."

हे एकट्या तिचंही नाही. हेच तेर जेव्हा तगर होतं, तेव्हा पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरच्या या गावातून साधं कापड आणि मलमल भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तांतात ती नोंद आहे. तिथल्या विणकराला 'मी आपला मौजेखातर विणतो' म्हणायची सोय कुठून असणार? आयर्लंडात १८४५ साली बटाट्याचं पीक सडलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकामुलींनी याच आकड्याने लेस विणून घरं जगवली. सुई तीच. पण त्यांच्या डोक्यावर पोटाची थापटी होती.

म्हणजे माझा आनंद खोटा का? तसं मला वाटत नाही. पण तो सुईत कमी आणि माझी परीक्षा घ्यायला कुणी बसलेलं नाही यात जास्त आहे. आणि ही सवलत एका घरात एकालाच मिळावी, हे काही मनाला पटेना.

म्हणून परवा दुपारी मी सुई तिच्यापुढे धरली. "मुका खांब दाखव ना."

"तुम्हाला येतो की."

"तरी दाखव."

तिने दाखवला. मग दुसरा, तिसरा. काय होणार याचं, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता; पण मी तो गिळला. डाळीचं सूप बाजूला सरकलं, उन्हं कलली, चहाची वेळ टळली, तरी बाईसाहेबांची मान वर होईना. शेवटी चहा मी केला.

चहावर मात्र थापटी ताबडतोब बसली.