अंशतः खरे

जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षं वरिष्ठ सहाय्यक म्हणून. अधिवेशन तोंडावर आलं की कार्यालयात एकच शब्द फिरायचा : एलएक्यू, म्हणजे विधानसभेत विचारलेला प्रश्न. ‘तारांकित आलाय’, म्हणजे ज्याचं उत्तर सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, असं कुणी म्हटलं की उघडलेला डबा तसाच मिटायचा. रजा बंद, रविवार बंद. मुंबईहून, हिवाळा असेल तर नागपूरहून, निरोप यायचा की माहिती आजच्या आज पाहिजे.

आमदारांचा प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात, तिथून आमच्याकडे, आमच्याकडून उपविभागात आणि शेवटी शाखा अभियंत्याकडे उतरायचा. उत्तर त्याच वाटेनं वर चढायचं. सभागृहात मंत्रिमहोदय उभं राहून जे वाक्य वाचतात, ते बहुतेक वेळा जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी, फायलींच्या ढिगाशेजारी कुणीतरी पहिल्यांदा लिहिलेलं असतं. अशी शेकडो वाक्यं माझ्या हातून गेली. त्यांतला एक शब्द मला अजून सोडत नाही.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक गावात अमुक घडलं, ‘हे खरे आहे काय’? असल्यास, चौकशी केली आहे काय, काय कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तरंही ठरलेली असतात. ‘होय, हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि शेवटच्या भागाला बहुतेक वेळा ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या वर्षी हा कागद हातात आला तेव्हा मी चकित झाले होते. अख्ख्या सरकारी कारभारात ‘खरे’ हा शब्द इतक्या थेटपणे कुठेच येत नाही. टिपणीत ‘उचित’ येतं, आदेशात ‘नियमानुसार’ येतं. इथे मात्र एक माणूस दुसऱ्याला भर सभेत विचारतो की हे खरं आहे का. माझ्या वडिलांच्या भाषेत हा धर्माचाच प्रश्न.

२०१५ च्या नागपूर अधिवेशनाच्या वेळची गोष्ट. एका गावाची नळयोजना तीन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय, असा प्रश्न आला. ते गाव मला माहीत होतं, माझ्या मावशीचं सासर तिथून दोन कोसांवर. त्याच उन्हाळ्यात एका लग्नाला जाताना मी तिथे उतरले होते. टाकी उभी होती, तिच्यावर रंगात गावाचं नाव आणि क्षमता लिहिलेली होती. खाली चार तोट्यांचा सार्वजनिक नळ. एका तोटीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, चांगलं वाळलेलं, बोटानं दाबलं तरी न फुटणारं. नळाच्या ओट्यावर कुणीतरी शेवया वाळत घातल्या होत्या. पाणी येण्याची भीती नसलेली गावातली ती एकच कोरडी, स्वच्छ जागा होती.

शाखा अभियंत्याचा अहवाल आला : योजना भौतिकदृष्ट्या पूर्ण, वीज देयक थकल्यानं पुरवठा खंडित, टँकर चालू. मी मसुदा केला. ‘हे अंशतः खरे आहे. योजना भौतिकदृष्ट्या पूर्ण असून वीज देयक थकीत असल्याने पाणीपुरवठा तात्पुरता बंद आहे. पर्यायी व्यवस्था म्हणून टँकरद्वारे पाणीपुरवठा करण्यात येत आहे.’ विलंबाच्या कारणांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’.

अहवालात ‘तात्पुरता’ हा शब्द नव्हता. तो मी घातला. मला कुणी घालायला सांगितलं नव्हतं. वाक्य मऊ व्हावं, वर कुणाला बोलणी बसू नयेत, फाईल परत येऊ नये, एवढंच मनात होतं. सही होऊन मसुदा गेला. प्रश्नोत्तराच्या त्या तासात या प्रश्नाची पाळी आली नाही. उत्तर छापील यादीत राहिलं, त्यावर कुणी उठून काही विचारलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी त्या गावचे एक वयस्क शेतकरी कार्यालयात आले. धोतर, पांढरी टोपी, हातात त्या उत्तराची घडी घातलेली झेरॉक्स. आमदारांच्या माणसानं दिलेली. माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी घडी उलगडली, एका शब्दावर नख ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “ताई, तात्पुरतं म्हणजे किती?”

मी साहेबांच्या खोलीकडे बोट दाखवलं. ते गेले. साहेब दौऱ्यावर होते.

निवृत्तीनंतर मी महाभारताचं मराठी भाषांतर घेऊन बसले. लहानपणी वडील चातुर्मासात पांडवप्रतापाची पोथी लावायचे, वस्त्रहरणाच्या अध्यायाला बायका पदर डोळ्याला लावायच्या. पण सभापर्वातला तो प्रसंग सबंध वाचताना मला दिसला तो एक प्रश्न. द्रौपदीला आणायला दुर्योधनाचा दूत प्रातिकामी जातो तेव्हा ती रडत नाही, ती त्याच्याकडे प्रश्न देऊन त्याला परत पाठवते : आधी स्वतःला हरलात की मला? तिला सभेत जागा नाही, म्हणून तिचा प्रश्न दुसरा माणूस सभेत नेतो. आमदार गावाचा प्रश्न नेतो तो असाच. युधिष्ठिर गप्प बसतो. पुढे ती स्वतः सभेत विचारते तेव्हा भीष्म धर्म सूक्ष्म असल्याचं सांगून थांबतात. विकर्ण बोलतो, तो दुर्योधनाचा धाकटा भाऊ.

आणि विदुर त्या सभेला एक जुनी कथा सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि ऋषिपुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून वाद लागतो, दोघं प्राणांची पैज लावतात आणि निवाड्याला प्रल्हादाकडेच जातात. खरं बोलावं तर मुलगा जातो. प्रल्हाद कश्यपाला विचारतो की ठाऊक असूनही उत्तर न देणाऱ्याचं काय होतं. कश्यप सांगतो, वरुणाचे हजार पाश त्याच्या गळ्यात पडतात आणि वर्षाला एकच सुटतो. सभेत अधर्म घडला आणि कुणी निषेध केला नाही, तर अर्धं पाप सभेच्या प्रमुखाचं, चौथा हिस्सा करणाऱ्याचा, चौथा गप्प बसलेल्या सभासदांचा. प्रल्हाद मुलाच्या विरुद्ध निकाल देतो.

मी पुस्तक मिटलं आणि माझा हिस्सा मोजू लागले. आमच्यात सगळ्यांना वाटायचं की सही ज्याची, जबाबदारी त्याची. आमच्यावर उपअभियंता, त्यांच्यावर कार्यकारी अभियंता, मग सचिव, मग मंत्री. पाप असलंच तर वाटून वाटून इतकं पातळ होतं की कुणालाच चिकटत नाही. कश्यपाच्या हिशेबात मात्र वरच्याचं अर्धं मोजूनही करणाऱ्याचा चौथा हिस्सा पुरा शिल्लक राहतो.

आपल्या राज्यघटनेनं हाच भार दुसऱ्या टोकानं धरला आहे. अनुच्छेद १६४ म्हणतो की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार आहे. म्हणजे ज्या माणसानं ते गाव कधी पाहिलेलं नाही, तो उभा राहून त्या नळाबद्दल उत्तर देतो आणि ते उत्तर आपलं मानतो. दुसऱ्यानं केलेलं स्वतःच्या अंगावर घेणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आयुर्विमा महामंडळाच्या पैशांच्या मुंदडा प्रकरणात चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती छागलांनी हेच सांगितलं की सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. मंत्री एवढा भार घेत असेल, तर त्याच्या हाती असत्य देणारा माणूस दुहेरी अपराध करतो. युधिष्ठिर अश्वत्थाम्याबद्दल अर्धसत्य बोलला ते निदान स्वतःच्या तोंडानं. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या वाक्याबरोबर खाली टेकला, आणि अखेरीस त्याला थोडा वेळ नरक पाहावा लागला. मी माझं अर्धसत्य दुसऱ्याच्या तोंडून वदवलं.

माझे एक जुने सहकारी या बोलण्यावर कौशिकाची कथा सांगतात. नेहमी खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला तो तपस्वी. लपलेल्या लोकांची वाट दरोडेखोरांना खरी खरी सांगतो, लोक मारले जातात, कौशिक नरकात जातो. म्हणजे शब्दशः खरं हेच सर्वस्व नव्हे, असं कृष्णच अर्जुनाला सांगतो. कथा मला पटते. पण तिथे वाचवायचे होते ते निराधार लोक. माझ्या ‘तात्पुरता’नं कुणाला आडोसा दिला? बिल न भरणाऱ्याला आणि मला. ज्यांच्या हंड्यात पाणी नव्हतं ते उघड्यावरच राहिले. कौशिकाच्या कथेची कसोटी लावली तरी माझं उत्तर उतरत नाही.

आणखी एक गोष्ट मला आता कळते. लोकमान्य टिळक १८९५ साली आणि गोखले १८९९ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले, तेव्हा सभासदाला प्रश्न विचारता येई, पण मिळालेल्या उत्तरावर पुन्हा विचारता येत नसे. तो हक्क १९०९ च्या कायद्यानं आला, तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरता. अर्धसत्य पकडलं जातं ते या दुसऱ्या प्रश्नात. पहिल्या प्रश्नाला आम्ही तयार असतो, दुसऱ्याला नसतो. सप्टेंबर २०२० मध्ये साथीमुळे संसदेत प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला आणि लेखी उत्तरं तेवढी राहिली, तेव्हा मला ते शेतकरी आठवले. सभागृहात जो पूरक प्रश्न कुणी विचारला नाही, तो त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन विचारला होता. त्यासाठी एसटीनं सत्तर किलोमीटर आले होते.

आम्हा मराठवाडा-विदर्भाच्या लोकांना या तासाचं मोल जरा जास्त असावं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षाला निदान एक अधिवेशन नागपूरला व्हावं हे कलम आलं, कारण सभा लांब असली की आवाज पोचत नाही ही भीती खरी होती. दांडेकर समितीनं १९८४ साली विभागवार अनुशेष मोजला, त्यात पाणीपुरवठाही होता. अनुशेष रुपयांत मांडता येतो. पण ज्या माहितीवरून तो मांडायचा तीच ‘अंशतः’ असेल, तर पुढची सगळी बेरीज कच्ची.

त्या गावचं बिल पुढे दीड वर्षानं भरलं गेलं, पंप बदलला, नळाला पाणी आलं. मधल्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या त्या गावात टँकर येत राहिला, आला नाही त्या दिवशी बाया विहिरीत उतरल्या.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी दुसऱ्या एका गावाबद्दल तसाच प्रश्न आला. मी शाखा अभियंत्याकडून तारीख मागून घेतली आणि लिहिलं, ‘होय, हे खरे आहे’, आणि पुढे योजना कोणत्या दिवसापासून बंद आहे तो दिनांक. उपअभियंत्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि सही केली. उत्तर तसंच छापून आलं. कुणाची नोकरी गेली नाही.

आज माझ्या जागी जे कुणी बसलं असेल त्यांना माझी विनंती आहे. टेबलावर एलएक्यू येऊन पडला की टाइप करण्याआधी त्या गावातल्या एका तरी माणसाला फोन लावा. नळाला शेवटचं पाणी कधी आलं ते विचारा, आणि ती तारीख उत्तरात घाला.