फुलात रंग होता की नव्हता?

दसरा उलटला की दारावरचे तोरण उतरते. आंब्याची पाने करपलेली असतात, झेंडू मात्र सुकूनही केशरी असतो. त्यातले एक फूल कुस्करून पाण्यात टाकले तर पाणी जेमतेम पिवळसर होते, उकळले तर थोडे गडद होते. डोळ्यांत भरणारा तो केशरी रंग काही पाण्यात येत नाही. पाणी गाळून टाकले तरी पाकळ्या केशरीच राहतात. तीच सुकी पाकळी चमचाभर कोमट तेलात चुरडून ठेवली की तेल हळूहळू सोनेरी होते. पाण्यात उतरतात ती फ्लेव्होनॉइड जातीची फिकी पिवळी द्रव्ये. तेलात उतरते ते ल्युटिन, आणि झेंडूचा झेंडूपणा त्याच्यात आहे.

हे ल्युटिन पाकळीत मोकळे नसते. त्याच्या लांबट रेणूच्या दोन्ही टोकांना बहुधा एकेक मेदाम्ल चिकटलेले असते. ते बाहेर काढण्याचा मोठा उद्योग आज भारतातही चालतो. जनावरांसाठी मक्याचा मुरघास करतात तसाच आधी फुलांचा मुरघास करतात. हवाबंद ढिगात फुले आंबतात आणि पेशींच्या भिंती सैल होतात. मग पाणी दाबून काढायचे, फुले वाळवायची आणि हेक्झेन या द्रावकात त्यांचा अर्क उतरवायचा. हाती येतो तो दाट, काळपट लाल राळेसारखा पदार्थ. मेदाम्ले अजून ल्युटिनला चिकटलेलीच असतात. ती तोडण्याचा जुना उपाय म्हणजे साबण करताना वापरतात तसा तीव्र क्षार. दुसरा उपाय सौम्य आहे. कँडिडा रुगोसा नावाच्या यीस्टपासून मिळणारे लायपेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, दोन्ही टोकांचे बंध कापते आणि ल्युटिन मोकळे होते.

यीस्टच्या विकराने इथे रंग दिला, की असलेला रंग फक्त सोडवला? प्रश्न कारखान्यातला वाटतो, पण भारतीय दर्शनांनी तो शतकानुशतके लढवला आहे. घट, कापड, दही आणि तेल या रोजच्या वस्तू हातात घेऊनच ती लढाई झाली.

सांख्यांचे उत्तर ठाम आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली नववी कारिका त्यासाठी पाच कारणे मांडते. जे मुळात नाही ते कोणी घडवू शकत नाही. ठरावीक वस्तूसाठी ठरावीक द्रव्यच घ्यावे लागते. कशातूनही काहीही निघत नाही. ज्याच्या अंगी जी शक्ती, त्यातून तेवढेच निघते. आणि कार्य हे शेवटी कारणाच्याच स्वरूपाचे असते. तेल काढायला माणूस तीळ घेतो, वाळू घेत नाही. या कारिकेवर टीका लिहिताना वाचस्पती मिश्रांनी तर रंगाचाच दाखला दिला आहे: हजार कारागीर राबले तरी निळ्याचे पिवळे होणार नाही. हा सत्कार्यवाद. कार्य कारणात आधीच असते, फक्त अव्यक्त असते.

न्याय-वैशेषिकांना हे पटत नाही. सुतात कापड आधीच असेल तर विणकराने माग कशाला चालवावा? सूत अंगावर घेऊन थंडी का जात नाही? सांख्य म्हणतो, कापड होतेच, विणकराने ते व्यक्त केले. नैयायिक लगेच अडवतो: ते व्यक्त होणे तरी आधीपासून होते का? होते म्हणाल तर विणकर पुन्हा निरुपयोगी. नव्हते म्हणाल तर काहीतरी नवे जन्मले, हे तुम्हीच कबूल केलेत.

झेंडूपुरता कौल सांख्यांच्या बाजूने जातो. मेदाम्ले निघाल्यावर ल्युटिनच्या रंगात काही फरक पडत नाही, कारण रंग ज्या भागामुळे दिसतो तो रेणूचा मधला कणा तसाच राहतो. बदलते ते त्याचे पुढचे जाणे. कोंबडीच्या खाद्यात झेंडूचा अर्क मिसळतात. तिच्या आतड्यातही अशीच विकरे मेदाम्ले काढतात आणि मोकळे झालेले ल्युटिन अंड्याच्या बलकात जाऊन बसते. तोरणातला पिवळा आणि बलकातला पिवळा एकच आहे.

पण या वादात दुसरी वस्तू आणली की कौल फिरतो. ही वस्तू सोलापूर-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला लहानपणापासून माहीत असते. करडई. तिच्याकडे तेलबी म्हणून, कोवळी असताना भाजी म्हणून पाहिले जाते. फुलाकडे फारसे कोणी बघत नाही, कारण काट्यांतून हात घालावा लागतो. कुसुंबी रंग याच फुलाचा. करडईचे फूल उमलते पिवळे आणि कोमेजताना नारिंगी-लाल होत जाते. जपानमधल्या यामागाता भागात या बदलाचीच कला झाली. तिथे पाकळ्या धुऊन मळतात, ओलसर ठेवून दोन-तीन दिवस आंबू देतात, मधूनमधून पाणी शिंपडतात. पाकळ्या लाल आणि चिकट झाल्या की कुटून त्यांच्या चपट्या वड्या थापून उन्हात वाळवतात. पुढे राखेच्या क्षारयुक्त पाण्यात लाल रंग उतरवायचा आणि आंबट घालून तो कापडावर बसवायचा.

त्या दोन-तीन दिवसांत पाकळीत काय घडते? प्रिकार्थामिन नावाच्या पिवळ्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होते, त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते ते लाल कार्थामिन. हा लाल रेणू त्या पिवळ्याच्या पोटात कुठे लपलेला नव्हता. वाचस्पतींचे हजार कारागीर जे करू शकत नव्हते, ते इथे पाण्याचा शिडकावा, हवा आणि पाकळीतली विकरे मिळून करतात. सांख्य म्हणेल, लाल होण्याची शक्ती तर पिवळ्यात होती. ते खरेच आहे. झेंडू कितीही आंबवला तरी त्यातून कार्थामिन निघणार नाही. पण लाल होण्याची शक्ती आणि लाल या दोन गोष्टी आहेत, आणि नैयायिकाचा आग्रह नेमका याच फरकासाठी आहे.

हा वाद रंगापुरता असता तर इतका पेटला नसता. त्याच्या मागे आत्म्याचा प्रश्न उभा होता, आणि तो प्रश्न जडवादी चार्वाकांनी आंबवण्याच्याच दाखल्याने विचारला. आंबवण जागवणाऱ्या द्रव्याला संस्कृतात किण्व म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद आणि तांदूळ घेऊन किण्व करण्याची कृतीच दिली आहे. चार्वाकांचे म्हणणे असे: किण्वाच्या सामग्रीतली एकेक वस्तू वेगळी खाल्ली तर नशा चढत नाही, एकत्र आंबल्या की चढते. पृथ्वी, आप, तेज आणि वायू या भूतांपैकी एकातही जाणीव नाही. ती देहात एकत्र आली की जाणीव उपजते. देह गेला की ती गेली. चार्वाकांचे मत आज बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ते खोडण्यासाठी मांडले आणि चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहाची सुरुवातच त्याने केली. सांख्यसूत्रांनी त्याला थेट उत्तर दिले: मादक शक्ती प्रत्येक वस्तूत सूक्ष्म रूपाने असतेच, एकत्र आल्यावर ती प्रकट होते एवढेच. भूतांत मात्र जाणीव सूक्ष्म रूपानेही दिसत नाही.

किण्वाच्या आत काय आहे, हे तेव्हा कोणालाच पाहता येत नव्हते. 1897 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी ते उघडे केले. त्यांनी यीस्ट वाळूबरोबर इतके घोटले की पेशी फुटल्या, मग दाबून त्यांचा रस काढला. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर रसातून बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबत होती. आंबणे म्हणजे जिवंत पेशीचेच कर्म, हे पाश्चरांपासून चालत आलेले मत त्या बुडबुड्यांनी मोडले. 1907 मध्ये बुखनर यांना नोबेल मिळाले. नशा आणणारे अल्कोहोल उडदात नव्हते, तांदळात नव्हते, साखरेतही नव्हते. ते विकरांनी साखर मोडून बनवले. सूक्ष्म रूपाने आधीच होते, हे सांख्यांचे उत्तर मद्याच्या बाबतीत टिकत नाही. चार्वाकांचाही विजय मात्र यातून होत नाही. साखरेचे अल्कोहोल कसे होते याची पायरीन् पायरी आज सांगता येते. भूतांतून जाणीव कशी होते याची एकही पायरी तशी सांगता येत नाही. दाखला दाखल्यापुरता खरा ठरला, ज्यासाठी दिला ते तिथेच राहिले.

मग विकराला या साऱ्यात कोणती जागा द्यायची? ते स्वतः खर्ची पडत नाही, रंगाचा भाग होत नाही, काम झाले की बाजूला होते. यासाठी सर्वांत नेमकी प्रतिमा पतंजलींच्या योगसूत्रांत, कैवल्यपादाच्या सुरुवातीलाच सापडते. निमित्त हे प्रकृतीला ढकलत नाही, ते फक्त आडकाठी दूर करते, शेतकऱ्यासारखे. व्यासभाष्य ते उलगडते: शेतकरी पाणी हातांनी वाहून नेत नाही, बांध फोडतो आणि पाणी आपल्या गतीने पुढच्या वाफ्यात जाते. ज्याने रात्रीच्या लाइटीला उसात उभे राहून दारे धरली आहेत, त्याला हे सूत्र समजावून सांगावे लागत नाही. खोऱ्याने एका सरीचे तोंड मोडायचे, ती भरली की बुजवून दुसरीचे मोडायचे. पाणी कुठे जायचे ते उतार ठरवतो. कोणते दार कधी मोडायचे एवढेच दारे धरणाऱ्याच्या हाती असते.

आणि प्रत्येक दार प्रत्येकाला मोडता येत नाही. 1894 मध्ये एमिल फिशर यांनी दाखवले की यीस्टच्या अर्काने ग्लुकोजची एका बाजूने झालेली जोडणी सुटते, तिच्या उलट बाजूने झालेली सुटत नाही. कडू बदामातल्या इमल्सिन या विकराचे नेमके याविरुद्ध. विकर आणि त्याचा पदार्थ कुलूप-किल्लीसारखे बसतात, ही कल्पना त्यांनी याच निरीक्षणावरून मांडली. ज्याच्या अंगी जी शक्ती त्यातून तेवढेच, हे नवव्या कारिकेतले चौथे कारण प्रयोगशाळेत याहून स्वच्छ दिसणे कठीण आहे. फुलांच्या रंगांना चिकटलेली साखर बहुधा बदामाच्या किल्लीने उघडणारी असते. म्हणून पावाच्या साध्या यीस्टचा तिथे फारसा उपयोग होत नाही. द्राक्षांच्या सालीवर राहणाऱ्या काही रानटी यीस्टकडे मात्र ती किल्ली असते.

ही किल्ली जास्वंदीला लावली की सगळ्या हिशेबाला धक्का बसतो. गणपतीला वाहतात त्या लाल जास्वंदीचा रंग सायनिडिन या द्रव्याचा, आणि त्याला दोन ग्लुकोजची जोडी चिकटलेली असते. विकराने ती जोडी कापली की सायनिडिन एकटे पडते. आम्ल कमी असलेल्या पाण्यात ते तग धरत नाही. लाल विरतो, उरते ते निस्तेज तपकिरी पाणी. साखरेचा बंध हाच त्या रंगाचा आधार होता. झेंडूत बंध सुटल्याने रंगाला वाट मिळाली, इथे बंध सुटला आणि रंग संपला.

याच जास्वंदीने दर्शनांत मोठे काम केले आहे. स्फटिकाशेजारी जपाकुसुम, म्हणजे जास्वंद, ठेवले की स्फटिक लाल दिसतो. फूल उचलले की तो पुन्हा स्वच्छ. लाली स्फटिकाची नव्हे, उपाधीची, म्हणजे शेजारच्या फुलाची. आत्म्यावर दिसणारे सुखदुःखही तसेच, हे सांगायला वेदान्त आणि सांख्य दोघेही हा दाखला देतात. त्यात स्फटिकाची लाली उसनी आणि फुलाची स्वतःची, असे धरलेले असते. आता दिसते की फुलाची लालीही साखरेच्या सोबतीवर आणि पेशीतल्या आम्लावर उभी आहे. दाखला त्यामुळे मोडत नाही, तो एक पाऊल आत सरकतो. स्वतःची म्हणावी अशी लाली फुलातही हाती लागत नाही. सांख्यांना याचे नवल वाटणार नाही. अनेक भागांच्या जुळणीतून झालेले सारे त्यांनी प्रकृतीच्या खात्यात टाकले आहे आणि पुरुषाला, म्हणजे आत्म्याला, त्या जुळणीबाहेर ठेवले आहे. म्हणूनच सायनिडिन एकटे पडून विरले यावरून कैवल्याबद्दल, म्हणजे आत्म्याच्या एकट्या, मुक्त स्थितीबद्दल, काही सिद्ध होत नाही. पण बंध तोडणे म्हणजे आपोआप मुक्ती, असे दाखल्यांच्या भरात म्हणणाऱ्याला जास्वंद थांबवते.

होता की नव्हता, या प्रश्नाला म्हणून प्रत्येक फूल आपले वेगळे उत्तर देते. झेंडूत रंग होता. करडईत लाल नव्हता, तो झाला. जास्वंदीत होता तो सोबत असेपर्यंतच. जैनांनी एकाच वस्तूत उपजणे, नष्ट होणे आणि टिकणे ही तिन्ही एकत्र नांदतात असे म्हटले, त्यामागे वस्तूकडे असेच फिरून फिरून पाहणे असावे. जुन्या दार्शनिकांनी माती, सूत आणि दूध हातात घेऊनच वाद केले. विकरांची माहिती हाती आल्यावर त्यांचे वाद जुने होत नाहीत. ते वाद पुन्हा करता येतात, आणि या वेळी वस्तूच्या आत डोकावून.

पुढच्या दसऱ्याला कोणीतरी तोरण बांधून दोन पावले मागे सरकेल आणि ते सरळ बसले आहे का ते पाहील. पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक छोटा पिवळसर भाग असतो, पीतबिंदू. त्याचा पिवळेपणा ल्युटिन आणि त्याचे सख्खे भावंड झेआझँथिन यांच्यामुळे असतो. माणसाचे शरीर ही द्रव्ये स्वतः बनवू शकत नाही. पालेभाज्यांतून, मक्यातून, अंड्याच्या बलकातून ती तिथवर पोचलेली असतात. तोरणाच्या पाकळीत ल्युटिन दोन मेदाम्लांना धरून बसलेले असते. डोळ्यात ते मोकळे असते, आणि समोरून येणाऱ्या उजेडातला निळा अंश पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशींवर पडण्याआधी टिपून घेत असते.