शंभरावा हिस्सा

शिडाच्या होडीवर ‘शीट’ म्हणजे शीड नव्हे, चादर तर नव्हेच; शिडाचा मोकळा कोपरा ओढून धरणारा तो दोर. एका अनुवादात मी हा शब्द चुकवला होता. गेल्या हिवाळ्यात मुंबई बंदरात, मित्राच्या २४ फुटी होडीवर तोच दोर माझ्या हाती आला.

हा दोर विंचच्या ड्रमभोवती गुंडाळून मोकळं टोक हातात धरायचं. घर्षणाचा नियम असा, की दर वेढ्याला पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणगुणांक ०.२५ धरला तर एका वेढ्याने जवळपास पाचपट, तीन वेढ्यांनी शंभरपटीहून अधिक. १०० किलोचा ताण हाताला एक किलोहूनही कमी जाणवतो.

मित्राने विंचवर बसवायची रबरी टोपी आणली होती. ड्रम वेढ्यांनी भरला की सर्वांत वरचा वेढा तिच्याखाली दाबला जातो. टोक धरायलाही कुणी लागत नाही. दोन तास मी तिची स्तुती करत होते. मग वाऱ्याचा झोत आला आणि होडी कलली. दोर तत्काळ सैल करायला हवा होता. चहाचा कप ठेवून मी तो रबरातून उपसेपर्यंत मित्राची मुलगी घसरून काठावर आपटली. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं.

“दोर अडकला,” मी म्हणाले. मराठीत हे किती सहज म्हणता येतं! कप फुटतो, दूध उतू जातं, दोर अडकतो. कुणी काही केलेलंच नसतं.

“अगं, रबराला वारा कळत नाही,” मित्र एवढंच म्हणाला.

भार ड्रमच वाहत होता. माझ्याकडे शंभरावा हिस्साही नव्हता. म्हणून जबाबदारीही तेवढीच? ड्रमला फक्त धरता येतं. कधी सोडायचं, हे त्या शंभराव्या हिश्श्यात होतं, आणि नेमकं तेच मी रबराकडे देऊन बसले होते.

टोपी आम्ही फेकली नाही. मित्र एकटा असतो तेव्हा एक हात सुकाणूवर अडकलेला असतो. त्याची गरज खरी आहे. माझ्या टेबलावरही संगणक तयार वाक्यं पुढे करतो. बहुतेक बरोबर असतात, पण खाली नाव माझं छापलं जातं.

आता वारा चढू लागला की मी टोपीखालचा वेढा काढून टोक हातात घेते. आणि त्या मुलीला नंतर सांगितलं : दोर अडकला नव्हता, मी तो वेळेवर सोडला नाही.